भक्कम पाने, उघडी बाजू



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर संभाव्यता शिकवली. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी पत्त्यांच्या खेळातला एक निर्णय निवडला आहे. पोकरमध्ये तुमची पाने या घडीला बहुधा सगळ्यांत चांगली आहेत, पण अजून पाने उघडायची आहेत, आणि त्यांतले एखादे तुमचा डाव उलटवू शकते. अशा वेळी पैसे लावायचे की गप्प राहायचे? एवढाच प्रश्न आहे. त्याच्या तळाशी जाताना सतराव्या शतकातल्या दोन फ्रेंच माणसांपासून २०१७ साली पिट्सबर्गमध्ये खेळलेल्या एका संगणकापर्यंत जावे लागते.

काहींना हा विषय या व्यासपीठाला न शोभणारा वाटेल. त्यांना एक आठवण करून देतो. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्यात जी पत्रे गेली-आली आणि ज्यांतून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले, त्या पत्रांचा विषयच जुगार होता. डाव अर्ध्यावर मोडला, कोणीच जिंकलेले नाही, तर मधे ठेवलेले पैसे कसे वाटायचे, असा तो प्रश्न. तोवर लोक आधी काय घडले ते बघून वाटणी सुचवत. या दोघांनी पुढे काय काय घडू शकते ते मोजले, आणि प्रत्येकाच्या जिंकण्याच्या शक्यतेइतका त्याचा वाटा ठरवला. हा ‘वाटा’ लक्षात ठेवा. आज मी जे सांगणार आहे ते सगळे त्याच्यावर उभे आहे.

पोकरचे अनेक प्रकार आहेत. मी बोलतोय तो टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांच्या सामाईक अशी आधी तीन पाने उघडतात, तो फ्लॉप. मग चौथे, तो टर्न. मग पाचवे आणि शेवटचे, तो रिव्हर. सातांतल्या उत्तम पाचांवर निकाल लागतो. प्रत्येक टप्प्यावर खेळाडू चेक करतो, म्हणजे काही न लावता पुढे सरकतो, नाहीतर बेट लावतो. समोरचा ती कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे घालतो, रेज करतो, म्हणजे ती वाढवतो, किंवा पाने टाकून देतो. मधे जमलेले पैसे म्हणजे पॉट.

आपल्याकडे गणपतीच्या जागरणात, लग्नघरी रात्री जी तीन पत्ती रंगते, तिच्यात आणि यात एक मूलभूत फरक आहे. तीन पत्तीत तीन पाने वाटली की झाले. त्यानंतर चाल वाढेल, कोणी पॅक करेल, कोणी शो मागेल, पण पाने बदलत नाहीत. तुमची राण्यांची जोडी पहिल्या चालीला समोरच्याच्या एक्का-राजापेक्षा वरचढ असेल, तर शेवटच्या चालीलाही वरचढच असते. ती फक्त आधीच हरलेली असू शकते, नंतर हरू शकत नाही. होल्डेममध्ये मात्र फ्लॉपवर जिंकत असलेला माणूस रिव्हरवर हरतो, आणि यात कोणाचीही चूक नसते. आपला प्रश्न जन्मतो तो इथे.

गणितज्ञांनीही आधी न बदलणाऱ्या पानांचाच खेळ सोडवला. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ साली खेळांच्या गणिताचा पाया घालणारा शोधनिबंध लिहिला, आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेविअर’ हा ग्रंथ काढला. त्यात पोकरची एक सोपी प्रतिकृती आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाला एकदाच मिळालेली पाने, मोठी बोली किंवा लहान बोली. तिचे उत्तर असे निघाले की उत्तम पाने मोठी बोली लावतात, मधली लहान बोलीवर राहतात, आणि अगदी टाकाऊ पानांनीही काही वेळा मोठी बोली लावायची असते. ब्लफ हा केवळ धूर्तपणाचा भाग नसून गणितातच बसलेला आहे, हे यातून सिद्ध झाले. मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो तो मधल्या पानांचा नियम. मोठी बेट लावली तर मधल्या पानांना कोण कॉल करणार? त्यांच्याहून चांगलीच पाने. आणि टाकून कोण देणार? त्यांच्याहून वाईट. मग लावण्यात मिळकत कसली?

हा नियम मनात पक्का झालेला माणूस होल्डेम खेळायला बसला की अडखळतो, कारण फॉन नॉयमनच्या प्रतिकृतीत पुढचे पानच नव्हते. इथे हरत असलेला खेळाडूही काही मालमत्ता बाळगून असतो: पास्कलच्या हिशेबातला त्याचा वाटा.

एक डाव मांडू. तुमच्या हातात दश्शीची जोडी, किलवर आणि चौकट. टेबलावर बदामची अठ्ठी, इस्पिकची छक्की, बदामची तिर्री. पॉटमध्ये १००० चिप्स. पाने भक्कम आहेत, टेबलावर दश्शीहून मोठे एकही पान नाही. पण तुम्हाला न दिसणाऱ्या ४७ पानांत एक्के, राजे, राण्या आणि गुलाम मिळून १६ पाने अशी आहेत की त्यांतले कुठलेही टर्नवर आले की तुमची जोडी वरची राहत नाही. म्हणजे जवळजवळ तीनांतून एकदा. ही तिची उघडी बाजू. हातात दश्शीऐवजी राजांची जोडी असती, तर अशी पाने फक्त ४ असती, चार एक्के. म्हणून दश्शीची जोडी राजांच्या जोडीपेक्षा कमी पैसे लावण्याजोगी आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. फ्लॉपवर काही बाबतींत ती जास्त घाईने लावण्याजोगी आहे.

समोरच्याकडे राजा-राणी आहे असे धरा, बदाम नसलेले. त्याला जिंकवणारी सहा पाने उरली आहेत, तीन राजे आणि तीन राण्या. दोघांची पाने माहीत धरली तर ४५ पाने उरतात. टर्नवर त्यांतले एखादे येण्याची शक्यता ४५ पैकी ६, म्हणजे १३ टक्क्यांच्या थोडी वर. दोन्ही पाने बघायला मिळाली तर सुमारे २५ टक्के. आज तो हरतो आहे, त्याच्याकडे साधी जोडीही नाही, तरी १००० च्या पॉटमधले जवळजवळ २५० पास्कलच्या न्यायाने त्याचे आहेत.

तुम्ही चेक केले तर त्याला पुढचे पान फुकट मिळते. पोकरच्या पुस्तकांत याला फ्री कार्ड म्हणतात. डेव्हिड स्क्लान्स्की याने १९८७ च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिले. त्याच्या विचाराचा गाभा साधा आहे: तुमची पाने दिसत असती तर समोरचा जे करता, त्याहून वेगळे काही तो करतो तेव्हा तुमचा फायदा होतो. राजा-राणीवाल्याला दश्शीची जोडी दिसत असती, तर फुकटचे पान त्याने आनंदाने घेतले असते. म्हणजे फुकटचे पान देताना तुम्ही त्याला चूक करायची संधीच देत नाही.

आता २५० लावा. त्याने पाने टाकली तर त्याचा पाव वाटा तुमच्याकडे आला. त्याने कॉल केले तर पॉट १५०० चा झाला, आणि पुढच्या एका पानापुरता हिशेब केला तर त्याच्या १३ टक्क्यांची किंमत २०० होते. २५० मोजून त्याने २०० चा माल घेतला. दोन्ही बाजूंनी त्याचे नुकसान. चौथाई पॉटची ही छोटी बेट काहीशी भेकड वाटते, पण सहा पानांच्या आशेवर असलेल्या माणसाला ती पुरेशी महाग आहे.

पण समोर दोन बदाम घेऊन बसलेला असेल तर? १३ बदामांपैकी दोन त्याच्याकडे, दोन टेबलावर, तुमच्याकडे एकही नाही. उरले ९. ४५ पैकी ९ म्हणजे बरोबर २० टक्के. २५० च्या बेटेला कॉल करण्यासाठी त्याला १५०० पैकी २५०, म्हणजे १६.७ टक्के पुरतात, म्हणजे तुम्ही त्याला सवलतीत पान दिलेत. ५०० लावले तर त्याला २५ टक्के लागतात, आणि त्याच्याकडे २० आहेत. ही बेट बरोबर. निदान कागदावर.

कागदावर म्हणतो त्याला कारण आहे. ५०० कॉल करून पाचातून एकदा त्याला बदाम मिळतो. त्या वेळी तो जर तुमच्याकडून सरासरी आणखी ५०० काढू शकला, तर त्याचे नुकसान भरून निघते. हिशेब घरी करून बघा, तो अगदी काटेकोर जुळतो. म्हणजे फ्लॉपवर तुम्ही बरोबर किंमत लावलीत, पण टर्नवर बदाम उघडल्यावर ‘आता एवढे घातले आहेत तर’ म्हणून कॉल करत राहिलात, तर आधी मिळवलेले सगळे परत दिलेत. उघड्या बाजूच्या पानांची बेट हा एकट्या क्षणाचा निर्णय नाही. नको ते पान आल्यावर थांबायची तयारी असेल तरच ती बेट पुरी होते. खेळाडूंना शिकवताना हा भाग वगळला जातो, आणि माझ्या मते पैसे सर्वांत जास्त इथेच जातात.

मग भरमसाट का लावू नये? १००० च्या पॉटमध्ये ३००० लावले की बदामवालाही पळेल, राजा-राणीवालाही पळेल, बाजू झाकली गेली. हा विचार फार सामान्य आहे आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. कोण कोण पळाले ते बघा. नव्वीची जोडी समोरच्याकडे ६ प्रकारे असू शकते, सत्तीची ६ प्रकारे, एक्का-अठ्ठी १२ प्रकारे. हे सगळे तुमच्याकडून हरत होते आणि माफक बेट आनंदाने कॉल करणार होते. नव्वीच्या जोडीला तर जिंकायला दोनच पाने उरली होती. तेही गेले. थांबले कोण? अठ्ठ्या, छक्क्या किंवा तिर्र्या तीन-तीन झालेला, जो प्रत्येकी ३ प्रकारांनी मिळून ९ प्रकारे असू शकतो, नाहीतर गुलामापासून वरची जोडी असलेला. म्हणजे ज्याच्याकडून घ्यायचे त्याला हाकलले आणि ज्याला द्यायचे त्याच्यासाठी पॉट फुगवला. मागच्या वेळी दश्शीची जोडी हरली होती, ती आठवण बोटांत उतरते आणि चिप्स पुढे सरकतात. बेटेचा आकार भीतीने ठरला की तो असा ठरतो.

बेट लावली आणि समोरच्याने मोठे रेज केले तर काय, हाही प्रश्न आधीच विचारलेला हवा. दश्शीची जोडी तिथे बहुधा टाकावी लागते, आणि समोर नुसते दोन बदाम असतील तर तुमचा मोठा वाटा तुम्हीच सोडून दिलेला असतो. रेज करण्याची सवय असलेल्या खेळाडूपुढे म्हणूनच कधी कधी चेक करून त्याला फुकटचे पान द्यावे लागते. राजा-राणीच्या हिशेबाने बोलायचे तर १३ टक्के गेले तरी चालतील, स्वतःचे ७५ टक्के टाकून द्यायची वेळ येऊ नये. टेबलावर तीन-चार खेळाडू उरले असतील तर गुंता वाढतो: प्रत्येकाच्या लहान लहान वाट्यांची बेरीज मोठी होते, त्यामुळे फुकटचे पान महाग पडते, आणि त्याच वेळी कोणाकडे तरी आधीच चांगली पाने असण्याची शक्यताही वाढते.

रिव्हर उघडला की उघडी बाजू संपते. त्यानंतर पान नाही, कोणाचा वाटा शून्य तर कोणाचा पुरा. तिथे ‘संरक्षणासाठी’ लावलेली बेट निरर्थक आहे, वाईट पानांनी कॉल करावे एवढाच तिचा हेतू उरतो, आणि आपण पुन्हा फॉन नॉयमनच्या खेळात येतो.

आता दोन खरे डाव सांगतो. दोन्ही लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोतले, वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचे शेवटचे डाव.

पहिला १९८८ चा. जॉनी चान आदल्या वर्षीचा विजेता, समोर एरिक सायडेल. चानकडे किलवरचा गुलाम आणि नव्वी, सायडेलकडे राणी आणि सत्ती. फ्लॉपवर राणी, दश्शी, अठ्ठी. सायडेलला टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी मिळाली, दोघांच्याच खेळात ही मोठी गोष्ट. पण चानचा अठ्ठीपासून राणीपर्यंतचा सलग क्रम पुरा झाला होता. टर्नवर दुर्री आली, चान गप्प राहिला. रिव्हरवर छक्की, चान पुन्हा गप्प. सायडेलने होते नव्हते ते सगळे पुढे केले आणि चान सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. ‘राऊंडर्स’ या १९९८ च्या चित्रपटात या डावाचे चित्रण वापरले आहे, त्यामुळे तो जगभर प्रसिद्ध झाला, आणि भक्कम पाने आली की दबा धरून बसावे असा समज त्यातून पसरला. समज अर्धवट आहे. चानने दबा धरला कारण त्याला उघडी बाजूच नव्हती. पुढचे कुठलेही एक पान सायडेलला पुढे नेऊ शकत नव्हते, त्यासाठी टर्न आणि रिव्हर दोन्ही नेमके यावे लागले असते. फुकटचे पान देण्याची किंमत जवळजवळ शून्य होती, म्हणून ते देणे बरोबर होते.

दुसरा २००३ चा. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर, पेशाने हिशेबनीस, इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून तिथवर पोचलेला. ८३९ खेळाडूंतून दोघे उरले, समोर सॅमी फार्हा हा मुरलेला व्यावसायिक. मनीमेकरकडे चौकटची पंजी आणि इस्पिकची चव्वी. फ्लॉपवर इस्पिकचा गुलाम, इस्पिकची पंजी, किलवरची चव्वी. दोन जोड्या झाल्या, पण टेबलावरच्या सर्वांत लहान. फार्हाकडे गुलाम आणि दश्शी. उरलेले दोन गुलाम आणि तीन दश्श्या, अशी ४५ पैकी ५ पाने पुढच्याच क्षणी डाव उलटवणारी होती, म्हणजे नवांतून एकदा. टेबलावर एखादी मोठी जोडी जुळली तरी त्या दोन लहान जोड्या निकामी होणार होत्या. आणि फार्हाची पाने मनीमेकरला दिसत नव्हती, त्याच्या दृष्टीने तिथे दोन इस्पिकही असू शकले असते. चानसारखे गप्प बसणे इथे चूक ठरले असते. फार्हाने बेट लावली, मनीमेकरने ती वाढवली. फार्हाने सगळे पुढे केले, मनीमेकरने कॉल केले. टर्नवर अठ्ठी, रिव्हरवर पंजी, आणि २५ लाख डॉलर त्याचे झाले. रिव्हरवर दश्शी येऊन तो हरला असता तरी फ्लॉपवरचे त्याचे रेज तितकेच बरोबर राहिले असते, हे मला या सभागृहात ठासून सांगायचे आहे.

यंत्रांनी यात काय भर घातली? जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकल बोलिंग यांच्या गटाने दोघांचा, ठरावीक बोलीचा होल्डेम व्यवहारतः सोडवून दाखवला. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टूमास सँडहोम आणि नोम ब्राऊन यांच्या ‘लिब्रेटस’ने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, आणि तेही बोलीला मर्यादा नसलेल्या खेळात. या यंत्रांकडे पाहून ‘दश्शीची जोडी, अठ्ठी-छक्की-तिर्री, लावू की नको’ असे विचारले तर उत्तर अनेकदा एकाच शब्दात मिळत नाही. यंत्र तीच पाने काही वेळा लावते, काही वेळा चेक करते, आणि प्रमाण पाळते. कारण तुम्ही नेहमी लावत असाल तर तुमच्या चेकला समोरचा दुबळा समजून त्यावर तुटून पडेल. चेक करणाऱ्या पानांतही काही भक्कम पाने हवीत, म्हणून काही वेळा फुकटचे पान देण्याचा तोटा जाणूनबुजून सोसायचा. हे प्रमाण माणसाला नेमके पाळता येत नाही. पण गप्प बसलेल्यालाही धाक हवा, एवढे माणसाला नक्की कळते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर दोघांच्या डावात, फ्लॉपवर, वरची पण लहानशी जोडी हातात असताना बेट लावावी, ती चौथाई ते अर्ध्या पॉटची असावी, आणि रेज आले किंवा नको ते पान आले तर काय करायचे ते चिप्स पुढे सरकवण्याआधी ठरलेले असावे.

हे सगळे काडेपेटीच्या काड्यांवर खेळूनही शिकता येते. मी पैसे लावून खेळायचा सल्ला देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत, आणि कर्जबाजारी झालेली घरे पाहिलेल्या कोणालाही त्यामागची कळकळ समजेल. पण त्या पैशांबरोबर त्यातला विचारही टाकून देऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून इथे बसलेल्या गणिताच्या आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती करतो. यंदा संभाव्यतेचा पाठ शिकवताना वर्गात पत्त्यांचा एक जोड घेऊन जा. एका विद्यार्थ्याला दश्शीची जोडी द्या, दुसऱ्याला राजा-राणी, मधे अठ्ठी, छक्की, तिर्री उघडी ठेवा, आणि उरलेली पाने पिसून पुढची दोन पाने शंभर वेळा उघडायला सांगा. राजा-राणीवाला साधारण पंचवीस वेळा जिंकेल, कधी वीस, कधी तीस. ते आकडे मुलांना स्वतःच्या वहीत लिहू द्या, आणि मग त्यांना विचारा: पॉट हजाराचा असेल, तर पुढचे पान बघायचे याच्याकडून किती घ्याल?